आमचं उत्तर १०.८६ आलं होतं

कॉलेजातल्या अगदी पहिल्या प्रॅक्टिकलला आम्ही दोघींनी जी लबाडी केली ती सांगायला आता फारशी लाज वाटत नाही. एक तर त्याला बरीच वर्षं झाली आणि दुसरं म्हणजे नंतर कळलं की बहुतेक सगळ्यांनी कधी ना कधी तेच केलेलं असतं.

प्रयोग लोलकाचा होता. दोऱ्याला धातूचा गोळा टांगायचा, जरासा बाजूला ओढून सोडायचा, वीस आंदोलनांना किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर मोजायचं. त्याला वीसने भागलं की एका आंदोलनाचा काळ मिळतो आणि तो सूत्रात घातला की गुरुत्वत्वरण, म्हणजे 'जी', निघतं. एकच आंदोलन न मोजता वीस का, तर बटण दाबताना आपला हात साधारण सेकंदाचा पाचवा भाग मागे-पुढे होतो, आणि ती चूक वीस आंदोलनांत वाटली की सुसह्य होते. हे सगळं ठीक होतं. अडचण एकच होती. उत्तर काय यायला हवं ते आम्हाला शाळेपासून पाठ होतं: ९.८.

दोऱ्याची लांबी एक मीटर. माझी पार्टनर मोजायची, मी स्टॉपवॉच दाबायची. पहिल्यांदा आले ३८.१ सेकंद. परत केलं, ३८.२. परत, ३८.१. हिशेब केला आणि जी आलं १०.८६.

"गंडलंय काहीतरी," पार्टनर म्हणाली.

मी कॅल्क्युलेटर पुन्हा दाबला. १०.८६. वर्गमूळ, वर्ग, पायची किंमत, सगळं तपासलं. १०.८६. शेजारच्या टेबलावर विचारलं तर त्यांचं ९.७८ आलेलं, आणि ते सांगताना त्यांनी आमच्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं. तास संपायला वीस मिनिटं उरली होती आणि जर्नलवर सही घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही असा दंडक होता. मग आम्ही सीनियर मुलींकडून ऐकलेला उपाय केला. सूत्र उलटं चालवलं. जी ९.८ असेल तर वीस आंदोलनांना किती वेळ लागायला हवा? ४०.१ सेकंद. पेन्सिलने लिहिलेले ३८ चे तिन्ही आकडे खोडरबराने पुसले आणि त्यांच्या जागी ४०.१, ४०.२, ४०.२ असे छान, एकमेकांपासून किंचित हटून बसलेले आकडे लिहिले. अगदी ९.८० आणलं तर संशय येईल म्हणून उत्तर ९.७९ ठेवलं. एवढी अक्कल आम्हाला पहिल्याच आठवड्यात होती.

मॅडमनी जर्नल हातात घेतलं, उत्तराकडे न बघता रीडिंगचा तक्ता बघितला, मग पान खिडकीच्या उजेडाकडे तिरकं धरलं. पेन्सिल दाबून लिहायची माझी सवय. पुसलेल्या ३८ ची खोच कागदावर तशीच होती.

"एकदा माझ्यासमोर करा," त्या म्हणाल्या.

केलं. हात थरथरत होता, तरी ३८.१.

"वहीत चाळीस, टेबलावर अडतीस. खरं कुठलं?"

आम्ही दोघी जमिनीकडे बघत होतो. मॅडम रागावतील, जर्नल फेकतील असं वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, "आता परत. आणि मोठ्याने मोज." पार्टनरने गोळा सोडला आणि म्हणाली, "एक!"

"थांब. सोडलास आणि एक म्हणालीस. एक आंदोलन झालं का?"

झालं नव्हतं. ते तर तेव्हा सुरू होत होतं. गोळा सोडताना शून्य म्हणायचं, तो पलीकडे जाऊन परत आला की एक. आम्ही एकपासून मोजायला लागलो होतो, म्हणजे वीस म्हणेपर्यंत आंदोलनं झाली होती एकोणीस. एकोणिसांचा वेळ घेऊन त्याला वीसने भागत होतो. नंतर खोलीवर बसून मी हिशेब केला: विसाला एकोणिसाने भागा, वर्ग करा, ९.८ ने गुणा. १०.८६ येतं. ते उत्तर उगाच कुठून तरी आलेलं नव्हतं. आम्ही एक आंदोलन कमी मोजलंय हे ते दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत सांगत होतं आणि आम्ही त्यालाच पुसून टाकलं होतं.

मॅडमनी सही केली नाही. जर्नल परत देताना एवढंच म्हणाल्या, "उत्तर चुकलं होतं, ते तुम्ही दुरुस्त केलंत. चूक होती तिथेच आहे."

त्या दिवसापासून आमच्या बॅचला खोडरबर बंद झाला. रीडिंग थेट पेनने लिहायचं. चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला कारण लिहायचं. गिरगटून काढलेलं किंवा व्हाइटनर लावलेलं पान त्या परत करायच्या. सुरुवातीला माझं जर्नल एखाद्या भांडणाच्या कागदासारखं दिसायचं.

इथून माझ्यात बदल झाला वगैरे म्हणायला हवं, पण तसं काही झालं नाही. मला नियम कळला, तो फक्त जर्नलपुरता.

कारण त्याच सहामाहीत मला गणितात पन्नासपैकी अकरा मिळाले आणि मी घरी सांगितलं नाही. दर रविवारी फोन व्हायचा. आई विचारायची, "अभ्यास कसा चाललाय?" मी म्हणायची, "बरा चाललाय." ४०.१, ४०.२, ४०.२. शाळेत मी पहिल्या तिनांत असायची आणि हुशार हे माझं जवळजवळ दुसरं नाव होतं. कॉलेजच्या वर्गात मात्र जवळपास सगळेच आपापल्या शाळेतले पहिले-दुसरे. असे शंभर हुशार एका खोलीत बसवले की त्यातले पन्नास निम्म्याच्या खाली येणारच, त्याला इलाज नाही. हे गणित कुणीतरी आधी सांगितलं असतं तर निदान पहिला धक्का तरी कमी बसला असता. मला वाटत राहिलं की प्रवेश देतानाच काहीतरी घोटाळा झालाय आणि एक दिवस कुणीतरी येऊन मला बाहेर काढेल.

तीन आठवड्यांनी एका रविवारी आई बाहेर गेली होती आणि फोन बाबांनी उचलला. बाबा फोनवर फार बोलत नाहीत. "जेवलीस?" "हो." "बरं." आणि मग जी शांतता पडते त्या शांततेत मी म्हटलं, "बाबा, गणितात अकरा मिळाले."

"कितीपैकी?"

"पन्नास."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"पेपर परत कधी आहे?"

"पुढच्या सहामाहीच्या शेवटी."

"मग कुठे अडतंय ते बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. तीन आठवडे तो आकडा लपवण्यात गेले होते. उत्तरपत्रिका बघायला मिळते, नुसता अर्ज करायचा असतो, हे मला माहीत होतं आणि मी अर्ज केला नव्हता.

उत्तरपत्रिकेनं माझी जी समजूत होती तीच मोडली. मला वाटत होतं, मला येत होतं पण वेळ पुरला नाही. प्रत्यक्षात वेळ भरपूर उरला होता, शेवटची दोन पानं कोरी होती. येत होतं म्हणजे काय, तर वाचताना ओळखीचं वाटायचं. मी एकेक प्रकरण चारदा वाचायची, पिवळ्या हायलायटरने रंगवायची, आणि चौथ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ जुन्या शेजाऱ्यासारखी भेटायची. शेजाऱ्याला ओळखणं वेगळं आणि त्याचं चित्र आठवून काढणं वेगळं.

चित्र काढून बघायचं ठरवलं. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर सीमेची, म्हणजे लिमिटची, व्याख्या लिहायला घेतली, ती पहिल्या वर्षाला सगळ्यांना रडवणारी एप्सिलॉन-डेल्टाची (एप्सिलॉन म्हणजे उत्तरात किती फरक चालेल, डेल्टा म्हणजे त्यासाठी बिंदूच्या किती जवळ राहायचं). मी लिहिलं: "असा एक डेल्टा असतो, की प्रत्येक एप्सिलॉनसाठी…" आणि थांबले. पुस्तक उघडलं. तिथे उलटं होतं: प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असतो. आधी वाटलं, हा काय फरक झाला? शब्द तेच, क्रम तेवढा बदललाय. दोन दिवस त्यावर घालवले. मग लक्षात आलं की मी लिहिलेलं खरं धरलं तर एकच डेल्टा सगळ्या एप्सिलॉनना पुरायला हवा, आणि ते फक्त त्या बिंदूच्या आसपास सपाट पडून राहिलेल्या फलनालाच जमेल. बाकी कुठल्याच फलनाला सीमा उरणार नाही. दोन शब्दांची अदलाबदल करून मी अख्खं कॅल्क्युलस बुडवलं होतं, आणि चार वेळा रंगवलेल्या पानावर ते मला एकदाही दिसलं नव्हतं.

त्या कागदावर मी चुकीच्या वाक्यावर एक आडवी रेघ मारली आणि बाजूला कारण लिहिलं. प्रॅक्टिकलचा नियम पहिल्यांदा प्रयोगशाळेबाहेर पडला तो असा. हे ठरवून झालं नाही, हाताला सवय लागली होती म्हणून झालं.

पुढे तिसऱ्या वर्षी वाचनात आलं की रोएडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली नेमकं हेच तपासून पाहिलं होतं. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुन्हा न वाचता आठवेल तेवढा कागदावर उतरवला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं उलटलं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६. मला त्यातला पाच मिनिटांचा आकडा जास्त बोलका वाटतो. आपण फसतो ते तिथेच. पुस्तक मिटल्यावर पाच मिनिटं खरोखरच सगळं येत असतं.

व्याख्येच्या त्या कागदापासून मी हायलायटर विकत घेतला नाही. रोज रात्री एक कोरा कागद, त्यावर दिवसभराचं आठवेल तेवढं, मग पुस्तक उघडून रेघा. सुरुवातीला कागद निम्मा रेघांनीच भरायचा आणि झोपताना आपण किती मठ्ठ आहोत याचा लेखी पुरावा उशाशी असायचा. हायलायटरने निदान झोप शांत लागायची. गणिताचा पेपर पुढच्या वेळी सुटला, चौतीस मिळाले. फार नाहीत, पण हे चौतीस कुठून आले ते मला माहीत होतं.

वर्गात प्रश्न विचारणं मात्र मला फार उशिरा जमलं. तास संपता संपता "समजलं ना?" असा सवाल येतो आणि वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. या "हो"मध्ये माझाही आवाज दीड वर्ष होता. पहिल्यांदा हात वर केला तेव्हा काहीतरी मोठं घडेल अशी माझी समजूत होती. सर म्हणाले, "हे मागच्या तासाला झालंय," आणि चिडूनच पुन्हा सांगितलं. तास संपल्यावर माझ्याजवळ येऊन "बरं झालं विचारलंस" असं कुणीही म्हणालं नाही. फक्त शेजारच्या मुलाने मधल्या तीन ओळी भराभर लिहून घेतल्या, हे मी तिरक्या नजरेनं पाहिलं. दुसऱ्यांदा हात वर करायला तेवढं पुरलं.

बाकी कॉलेजात जे सगळे शिकतात ते मीही शिकले. कपडे स्वतः धुणं, महिनाअखेरीला पैसे पुरवणं, ताप आल्यावर एकटीनं डॉक्टरकडे जाणं, खोलीतल्या दुसऱ्या मुलीच्या अलार्मवरून भांडणं आणि मग तिच्याचकडून चादर मागणं. हे सगळं महत्त्वाचं असेल, पण मला त्याबद्दल सांगण्यासारखं काही सापडत नाही.

सांगण्यासारखं आहे ते दुसऱ्या वर्षाचं, कारण दुसऱ्या वर्षी मी पुन्हा रीडिंग ढापली.

न्यूटनच्या वलयांचा प्रयोग. सोडियमच्या पिवळ्या उजेडात, काचेच्या भिंगाखाली, सूक्ष्मदर्शकातून एकात एक काळी-पिवळी वलयं दिसतात. ती मोजत मोजत स्क्रू फिरवायचा आणि प्रत्येक वलयाची जागा टिपायची, त्यावरून प्रकाशाची तरंगलांबी निघते. दिसायला हा प्रयोग इतका सुंदर आहे की पहिली दहा मिनिटं मी नुसतीच बघत बसले होते. नंतर डोळे दुखायला लागतात. वलयं बाहेरच्या बाजूला दाट होत जातात, तेरावं की चौदावं ते कळेनासं होतं. आणि स्क्रू एकाच दिशेनं फिरवायचा असतो. उलट फिरवला की आट्यांमधल्या ढिलेपणामुळे मोजपट्टी फिरते पण सूक्ष्मदर्शक जागचा हलत नाही, आणि तिथून पुढची सगळी रीडिंग वाया. मी अकराव्या वलयाशी गोंधळले आणि स्क्रू मागे फिरवला. पुन्हा पहिल्यापासून करायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं.

खोडरबर नव्हता, पण त्याची गरजही पडली नाही. आकडे आधीच ठरवून पेनने लिहिले. सोडियमची तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉम, आमची आली ५८९०. या खेपेला दुसरे सर होते. त्यांनी पान उजेडाकडे धरलं नाही. दहापैकी दहा.

पार्टनर तीच होती. बाहेर आल्यावर ती खूश होती आणि मी गप्प. ती म्हणाली, "अगं, सोडियमची तरंगलांबी जगाला माहीत आहे. आपण काही शोध लावायला बसलेलो नाही. मला मार्क हवेत."

तिला मार्क खरंच हवे होते. तिची शिष्यवृत्ती टक्क्यांवर अवलंबून होती आणि ते टक्के घसरले असते तर तिचं शिक्षण थांबलं असतं. माझं तसं नव्हतं. माझ्या प्रामाणिकपणामागे घरचा आधार होता, तिच्याकडे तो नव्हता, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी तिला मॅडमचं वाक्य ऐकवलं. ती म्हणाली, "ते वाक्य बोलायला मॅडमना पगार मिळतो." त्यानंतर आम्ही एकमेकींशी बोलायचो, पण पार्टनर म्हणून पुन्हा एकत्र बसलो नाही.

आजही मला तिचा राग येत नाही, पद्धतीचा येतो. जिथे ९.७९ ला दहा मार्क आणि १०.८६ ला चार, तिथे खोडरबर खपणारच. शंभरातल्या एखाद्या शिक्षकाने पान उजेडाकडे धरून भागत नाही. उत्तराला चार आणि "ते तसं का आलं असावं?" याला सहा, असे मार्क ठेवून कुणीतरी एक वर्ष बघावं. फुकटात होणारी सुधारणा आहे.

मिलिकनची गोष्ट मला ग्रंथालयात सापडली, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, दुसरंच काही शोधताना. रॉबर्ट मिलिकन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने तेलाचे बारीक थेंब विजेच्या क्षेत्रात तोलून धरून इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार मोजला. त्यांचा महत्त्वाचा निबंध १९१३ चा, आणि १९२३ चं नोबेल त्यांना मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. पण त्यांचं उत्तर आजच्या मानाने किंचित कमी होतं, कारण हवेच्या चिकटपणाची जी किंमत त्यांनी धरली होती ती थोडी चुकीची होती. गंमत पुढे आहे. नंतर ज्यांनी ज्यांनी तो भार मोजला त्यांची उत्तरं एकदम बरोबर आली नाहीत. आधी मिलिकनपेक्षा जराशी जास्त, मग त्याहून जराशी जास्त, असं चढत चढत ती योग्य जागी पोचली. असं का व्हावं, हे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ साली कॅलटेक या अमेरिकी विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात सांगितलं होतं: उत्तर मिलिकनच्या फार वर आलं की लोक कुठे चुकलं ते शोधत बसायचे आणि काहीतरी सापडायचंच. जवळ आलं की कुणी फारसं शोधायचं नाही.

शिवाय त्या १९१३ च्या निबंधात मिलिकन यांनी ५८ थेंब दिले होते आणि हे निवडक नाहीत, सगळे आहेत असं लिहिलं होतं. त्यांच्या वह्या नंतर अभ्यासकांनी उघडल्या तेव्हा त्यात त्याहून बरेच जास्त थेंब निघाले. काही थेंब गाळायला त्यांच्याकडे सबळ कारणं होती असं बरेच जण म्हणतात, आणि मलाही ते पटतं. पण गाळले हे लिहायला हवं होतं. त्यांच्या वहीत ते थेंब वाचता येत होते म्हणून शंभर वर्षांनी हा वाद तरी घालता येतो. ग्रंथालयात बसून मला एकाच वेळी बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. शेजारचं टेबल ९.७८ सांगत असताना १०.८६ वर ठाम राहणं नोबेलवाल्यांच्या शेजाऱ्यांनाही जड गेलं होतं.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट. आमच्या नव्या ग्रुपने प्लँकचा स्थिरांक, म्हणजे प्रकाशाची ऊर्जा आणि वारंवारता यांना जोडणारा आकडा, मोजायला घेतला, एलईडी वापरून. लाल, पिवळा, हिरवा, निळा असे दिवे घ्यायचे. प्रत्येकाचा विजेचा दाब (व्होल्टेज) हळूहळू वाढवत न्यायचा आणि दिवा पहिल्यांदा लुकलुकतो तो दाब टिपायचा. लालला कमी दाब लागतो, निळ्याला जास्त. तरंगलांबीच्या व्यस्ताशी या दाबांचा आलेख काढला की रेघ मिळते आणि रेघेच्या चढावरून स्थिरांक निघतो. यायला हवा ६.६२६, त्यापुढे दहाचा उणे चौतिसावा घात. या आकड्याचं वैशिष्ट्य असं की २० मे २०१९ पासून तो मोजलाच जात नाही, तो ठरवून दिलेला आहे आणि किलोग्रॅमची व्याख्याच त्याच्यावर उभी आहे. म्हणजे तुमचं उत्तर वेगळं आलं तर त्यात विश्वाचा दोष असण्याची शक्यताही उरलेली नाही.

आमचं आलं ५.७.

पहिला संशय डोळ्यांवर. उजेडात दिवा लुकलुकलेला उशिरा कळतो, आणि डोळा हिरव्याला जितका तिखट असतो तितका लाल-निळ्याला नसतो. काळ्या कागदाच्या नळ्या करून प्रत्येक दिव्यावर बसवल्या आणि खोलीत अंधार करून सगळं पुन्हा मोजलं. ६.१ आलं. पिवळ्याचं एक रीडिंग भलतंच वर गेलं होतं, तपासलं तर वायर सैल निघाली. त्यावर आडवी रेघ मारली, बाजूला 'वायर सैल' लिहिलं, आणि तो तक्ता तसाच रिपोर्टात लावला. ग्रुपमधल्या एकाला तो नव्याने स्वच्छ लिहून काढायचा होता. त्यावर आमचं अर्धा तास वाजलं.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले सर होते. त्यांनी थेट शेवटचं पान उघडलं.

"साडेसात-आठ टक्के कमी. का?"

मी डोळ्यांचं सांगितलं, ५.७ वरून ६.१ कसं झालं ते सांगितलं. दुसरं, दिव्यांच्या तरंगलांबी आम्ही पाकिटावर छापलेल्या धरल्या होत्या, स्वतः मोजल्या नव्हत्या.

"का नाही मोजल्या?"

"सर, सुचलं तेव्हा स्पेक्ट्रोमीटर दुसऱ्या ग्रुपकडे होता आणि सबमिशनला दोन दिवस राहिले होते."

"आणि एवढ्याने आठ टक्के भरून निघतात?"

तोंडात 'हो' आलं होतं. दीड वर्ष वर्गात म्हटलेलं, फोनवर आईला म्हटलेलं, घडवून ठेवलेलं 'हो'.

"माहीत नाही, सर. नाही निघणार बहुतेक."

त्यांनी मान हलवली, ती कौतुकाने की कंटाळून ते कळलं नाही. पानाच्या कडेला काहीतरी लिहिलं आणि पुढच्या ग्रुपला आत बोलवायला सांगितलं.

पुढचा ग्रुप म्हणजे माझी जुनी पार्टनर आणि आणखी दोघं. योगायोगाने त्यांचाही प्रोजेक्ट हाच होता, दिवे मात्र वेगळे. दारात तिने विचारलं, "कसे आहेत गं?" मी म्हटलं, "का, असं विचारतात." ती म्हणाली, "बापरे." आणि आत गेली.

आठवड्याने मार्क लागले. आम्हाला पन्नासपैकी छत्तीस, त्यांना चव्वेचाळीस. त्यांचा स्थिरांक ६.६१ आला होता. तिने त्यांचा रिपोर्ट बघायला दिला होता. तक्ता सुरेख होता, एकही रेघ नव्हती. पान उजेडाकडे धरायचा मोह झाला, पण मी ते मिटून तिला परत दिलं आणि अभिनंदन केलं. तिची पुढची शिष्यवृत्ती पक्की झाली होती आणि त्या दुपारी ती फार आनंदात होती.